मैनेचं चित्र

सुभद्रानं कागदावरच्या मुलीच्या गालावर बोट फिरवलं आणि गाल पुसला गेला.

"अवो, माह्या पोरीचं तोंड गेलं!" ती किंचाळली. काळी भुकटी तिच्या बोटाला लागली होती. कागदावर मैनेचा एक डोळा आणि केसांचा भांग तेवढा उरला होता.

हरिहर देवपुजारी यंत्रामागून धावत आला. "घाबरू नका, बाई. मास्तरांनी काढलेलं चित्र हे बघा, जसंच्या तसं आहे. ही नुसती नक्कल. भुकटी कागदावर बसलीय, पण चिकटली नाही अजून."

सुभद्राला ते पटलं नाही. हरवलेल्या पोरीचा चेहरा आईच्याच हातानं पुसला जावा, ही गोष्ट तिला फार वाईट वाटली. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मैना आठ वर्षांची होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. धामणगावच्या स्टेशनवर गर्दीत आईचा हात सुटला आणि ती थांबलेल्या गाडीत चढली असावी. गाडी अकोल्याकडे निघून गेली. पोलीस म्हणाले, फोटो द्या. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. गावातल्या मास्तरांनी आठवून आठवून शाईनं तिचं चित्र काढलं. फोटोवाल्यानं प्रती करायला आठवडा मागितला. मग कुणीतरी मैनेच्या वडिलांना, पंजाबरावांना, अमरावतीच्या एका कापूस कंपनीचा पत्ता दिला. तिथं यंत्रांच्या नकाशांच्या नकला काढायचं विलायती यंत्र होतं आणि ते हरिहर चालवायचा. त्यानं साहेबांची परवानगी काढली, चित्राखाली कंपनीचा टेलिफोन नंबर लिहिला आणि कामाला लागला.

नकला निघत होत्या, पण पक्क्या होत नव्हत्या. भुकटी कागदावर वितळून घट्ट बसावी म्हणून यंत्राच्या शेवटी एक विजेची भट्टी होती. कापसाचा हंगाम होता. गावातले सरकी काढायचे सगळे जिन सुरू झाले की वीज मंदावायची. आज भट्टी कोमटसुद्धा झाली नव्हती.

"लाईन सुधारली की उद्या काढून देतो," हरिहर म्हणाला.

"उद्यापावतर पोरगी कुठच्या कुठं जाईन, साहेब," पंजाबराव म्हणाले. "बडनेऱ्याचा गार्ड संध्याकाळच्या पॅसेंजरनं कागद न्यायले तयार हाये. दर स्टेशनावर देतो म्हने. माह्या पोरीले सोताचं नाव बी सांगता येत नाई."

हरिहरनं भट्टीला पुन्हा हात लावून पाहिला. मग तो मागच्या दारानं चौकीदाराच्या खोलीत गेला आणि पेटलेली शेगडी आणि तवा घेऊन आला.

"उष्णताच द्यायची ना," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं एक नक्कल, चित्र वर करून, तव्यावर ठेवली. बघता बघता कागद तपकिरी झाला, कडेनं धूर निघाला आणि मैनेचं कपाळ काळं पडलं. पंजाबरावांनी तोंड फिरवलं. सुभद्रा मात्र उठली.

"इस्तो लय झाला," ती म्हणाली. तिनं दोन निखारे काढून बाजूला टाकले. दुसरा कागद दोन्ही हातांनी कडांना धरला आणि तव्याला जेमतेम टेकवून हळूहळू सरकवत राहिली. हरिहर वाकून बघत होता. धुरकट भुकटी एकदम ओली दिसायला लागली, चकाकली.

"उचला!"

कागद गार झाल्यावर त्यानं अंगठ्यानं मैनेचा गाल जोरात घासला. रेघ हलली नाही.

"आता तुम्ही हात लावा."

"नाई जी. मी नाई लावत."

"लावा, बाई."

सुभद्रानं डोळे मिटले आणि बोट टेकवलं. मग डोळे उघडले. चेहरा जागच्या जागी होता. ती पुढचा कागद घ्यायला वळली. मग हरिहर नकला काढत गेला आणि ती तव्यावर पक्क्या करत गेली. तिच्या बोटांना चटके बसले, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पंजाबराव गठ्ठा घेऊन धावत सुटले, तेव्हा पॅसेंजर सुटायला थोडाच अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा टेलिफोन वाजला. अकोल्याचे स्टेशनमास्तर बोलत होते. मुलगी सापडली होती, सुखरूप होती.

सुभद्रा आणि पंजाबराव अकोल्याला उतरले, तेव्हा मैना प्लॅटफॉर्मवर संत्र्यांच्या टोपलीशेजारी बसून फोड खात होती. आईला पाहताच ती उठली आणि तिच्या पोटाला बिलगली. सुभद्रा तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवत राहिली. पंजाबराव खांबाला धरून लहान पोरासारखे रडले. हरवल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

टोपली होती स्टेशनवर संत्री विकणाऱ्या रुख्मिणीची. मैना गाडीतून उतरली त्या दिवसापासून तिनंच तिला जेवू घातलं होतं, रात्री आपल्या घरी निजवलं होतं. सुभद्रानं तिचे पाय धरले. रुख्मिणीनं तिला उठवलं.

"तुह्ये लय उपकार झाले, माय," सुभद्रा म्हणाली. "पन एवढ्या गर्दीत चित्र पाहून माह्या पोरीले ओळखलं कोनं?"

"कोनीच नाई वो, बाई," रुख्मिणी म्हणाली. "चित्र तं माह्याच डोक्यावर भितीले लावलं होतं. येनारा-जानारा पाहे अन् पुढं जाये. मी तं मान वर करून पाह्यलं बी नाई. मंग हिनंच माहा पदर ओढला, मले उठवलं, अन् त्या चित्राच्या खाली भितीले पाठ लावून उभी राह्यली."