मांडव डिंगोऱ्यात
आईविना वाढलेल्या हर्षालीचं लग्न गोव्यात, समुद्रकिनारी ठरलं होतं. पंचवीसच माणसांना परवानगी होती, त्यात पहिला मान तिला सांभाळणाऱ्या रामनाथमामाचा. लग्न आठवड्यावर आलं आणि मामालाच कोरोना झाला. डिंगोऱ्याला शेतातल्या खोलीत एकटा पडलेला मामा फोनवर म्हणाला, "माझ्यापायी थांबू नको, पोरी. पाठीशी चुलता उभा राहील." "बरं," एवढंच ती म्हणाली. मामाला जरा लागलंच. लग्नाच्या सकाळी त्यानं दार उघडलं, तर समोर कांद्याच्या वावरात मांडव घातलेला. फोन वाजला. "गोवा कॅन्सल केलं, मामा. तू दारातच उभा राहा." अंतरपाट धरल्यावर भटजी माइकवर म्हणाले, "मुलीचे मामा फार लांब आहेत." "असू द्या," हर्षाली म्हणाली, "पाठीशीच हायेत." मामानं डब्यातले तांदूळ दारातूनच टाकले. ते त्याच्याच उंबऱ्यात पडले, तरी प्रत्येक मंगलाष्टकाला तो टाकत राहिला.