गळावरचे ओठ

सलग अकराव्या दिवशी कप्तानाच्या गळांना माशांऐवजी माशांचे नुसते ओठ लटकून वर आले. दोरी ओढायचं यंत्र घरघरलं रे घरघरलं, की ऑर्का देवमासे लांबून धावत येत आणि गळ टाळून बाकीचा अख्खा मासा अलगद तोडून नेत. कप्तानाने जागा बदलून पाहिली, इंजीन बंद ठेवून पाहिलं, पत्र्याचे डबे बडवून पाहिले. ऑर्का काही हटेनात. उलट आता पिल्लांनाही घेऊन येऊ लागले होते.

घरी येताच त्याने बूट कोपऱ्यात भिरकावले.

"त्यांच्यात एक म्हातारी आहे, बाबा. आधी ती एक मासा काढून दाखवते, मग पिल्लं काढतात. अख्खं खानदान चोर आहे!"

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, बाबा बोटीवर चढले नव्हते. त्यांनी मान वर केली. "तिच्या पाठीवरचा पंख टोकाला फाटलाय का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

परगावी गेलेल्या माणसाची खुशाली कळावी तसा बाबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आहे अजून! पिल्लू होती तेव्हा मीच तिच्यासमोर गळाचा मासा धरायचो. आधी घाबरायची, मग ओठ तेवढे सोडून न्यायला शिकली. तुला गळ बांधायला शिकवत होतो ना, त्याच वर्षी. तुझ्याआधी शिकली ती."