हाराच्या आतला माणूस

परदेशात राहणाऱ्याच्या मायभूमीला आग लागली, की त्याच्या दुःखावर त्याचा एकट्याचा अधिकार उरत नाही. ते ज्याच्या हाती पडेल, तो त्याला आपल्या कामाला जुंपतो. आणि बहुधा हात जोडूनच जुंपतो.

विश्रांतवाडीच्या चौकात सकाळी साडेआठ वाजता आप्पासाहेबांना हे डोळ्यांदेखत पाहावे लागले. रेलिंगला नवा फ्लेक्स बांधलेला होता. त्याच्या अर्ध्या भागात नगरसेवकपदाचे इच्छुक दिग्विजयराव शुभ्र वस्त्रांत हात जोडून उभे होते. उरलेल्या भागात, झेंडूच्या छापील हारामध्ये, सुदानमधल्या एका शाळामास्तरांचा चेहरा होता. वर ठसठशीत अक्षरे होती : भावपूर्ण श्रद्धांजली.

ते मास्तर म्हणजे उस्मान. आप्पासाहेबांच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षांपासून भाड्याने राहून फार्मसी शिकणाऱ्या रीमचे वडील. त्यांच्या गावात युद्ध शिरले त्याला सव्वीस दिवस झाले होते, आणि तेव्हापासून त्यांचा फोन लागत नव्हता. ते गेले असे कोणी सांगितले नव्हते. आहेत, असेही नाही. रीमची आई आधीच कैरोला पोहोचली होती. मायलेकी रोज एकमेकींना एवढेच विचारत, की काही कळले का. दिग्विजयरावांची दिल्लीपर्यंत ओळख आहे असे ऐकून आप्पासाहेबांनीच आठवड्यापूर्वी तो फोटो आणि नावगाव त्यांच्याकडे दिले होते. सरकारदरबारी चौकशी व्हावी म्हणून. देताना ‘कृपा होईल’ असे ते दोनदा म्हणाले होते. तो शब्द आता त्यांच्या जिभेवर कडू झाला.

रीम फ्लेक्ससमोरच उभी होती, आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. मराठी तिला मोडकेतोडके बोलता येई. वाचता येत नसे.

“आजोबा, बघा ना. बाबाला हार घातला. कॉलेजमध्ये पाहुण्याला घालतात तसा. हे लोक बाबाला शोधतात ना?”

तिने फ्लेक्सचा फोटो काढला होता आणि तो ती आईला पाठवणार होती. इतक्या दूरच्या गावात कोणीतरी आपल्या माणसाचे नाव लिहिले आहे, हे पाहून आईला रात्री झोप तरी लागेल, असे तिचे म्हणणे.

कैरोतल्या कोणाच्याही मोबाइलवर त्या दोन शब्दांचे अरबी व्हायला क्षणही लागणार नव्हता. आप्पासाहेबांनी तिला बजावले, की मी परत येईपर्यंत काही पाठवू नकोस. आणि ते रस्ता ओलांडून समोरच्या संपर्क कार्यालयात शिरले.

दिग्विजयराव पोहे खात होते. त्यांनी लगबगीने उठून आप्पासाहेबांच्या पायांना हात लावला आणि खुर्ची पुढे केली. चौकशीचा कागद अजून पुढे गेला नव्हता. निवडणुकीची धावपळच तशी होती. फ्लेक्स मात्र एका दिवसात करून घेतला. वॉर्डात परदेशी मुले पुष्कळ, त्यांच्या घरमालकांची मते त्याहून पुष्कळ. चांगला संदेश गेला, असे चारजणांनी फोन करून कळवलेही. आप्पासाहेबांनी शांतपणे विचारले, की उस्मान गेले, हे आपल्याला कोणी सांगितले?

“अहो आप्पासाहेब, तिकडची परिस्थिती बघता गेलेच असणार,” दिग्विजयराव पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. “आणि निघाले जिवंत, तर स्वागताचा फ्लेक्स लावू की. त्यात काय एवढं!”

कार्यकर्ते हसले. आप्पासाहेबांना अशी किळस आली, की त्या माणसाने स्पर्श केलेले पाय आधी धुऊन काढावेत आणि मग चालावे, असे वाटले. ते उठून बाहेर पडले.

चौकात आल्यावर त्यांनी रीमला खरे ते सांगितले.

“हा पाहुण्याचा हार नव्हे, बाळ. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला असा हार घालतात. पण ह्यांना काही कळलेलं नाही. कोणालाच काही कळलेलं नाही. ह्यांना वाट पाहायला सवड नव्हती, एवढंच.”

रीम रडली नाही. तिने मोबाइलमधला तो फोटो पुसला. मग पुसलेले फोटो जिथे जमा होतात, तिथूनही काढून टाकला.

शेजारी कचरूची शहाळ्यांची हातगाडी होती. आप्पासाहेबांनी कोयता मागितला.

“आप्पा, मला रोज हितंच गाडी लावायची हाय,” कचरू हलक्या आवाजात म्हणाला. मग त्याने कोयता शहाळ्यांच्या ढिगावर ठेवला आणि तो पाठ फिरवून सालपटे गोळा करू लागला.

रीमने फ्लेक्सची कड ताणून धरली. आप्पासाहेबांचे वय ऐंशीच्या घरात; कोयत्याची सवय नाही. तरी त्यांनी घाई केली नाही. हाराच्या आतल्या कडेने हळूहळू कापत त्यांनी उस्मानांचा चेहरा अखंड बाहेर काढला. हार तिथेच राहिला. त्याच्या मधल्या पोकळीतून आळंदीकडे जाणारी बस दिसली, आणि दिग्विजयराव त्या पोकळीला हात जोडून उभे होते.

कार्यालयाच्या दारातून कोणीतरी मोठ्याने हाक मारली. आप्पासाहेबांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी खिशातल्या रुमालाने त्या चेहऱ्यावरची रस्त्याची धूळ पुसली. उस्मान त्यांच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी धाकटे होते.

“आयुष्मान भव,” ते त्या चेहऱ्याला म्हणाले. आणि तो रीमच्या हाती देण्यापूर्वी, सावकाश, पुन्हा एकदा म्हणाले.