एफएमचा रिकामा पट्टा

फळीवरचा ट्रान्झिस्टर खर्रकन बोलला आणि मनकर्णाची पिठल्यातली पळी थांबली.

"एकशे चौदा नंबर... वाघानं... एक मयत..." पुढचं खरखरीत बुडालं.

एफएमच्या त्या पट्ट्यावर या जंगलात एकही स्टेशन लागत नसे. भावाने बल्लारपूरहून आणलेल्या त्या डब्यात मधूनच वनखात्याचा वायरलेस घुसायचा, एवढंच. नवरा, श्रावण, चिडवायचा, "माह्या साहेबाच्या शिव्या ऐकाले ठेवला का हा डबा?" पण एकशे चौदा म्हणजे वनरक्षक श्रावणचंच जंगल. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांवर नजर ठेवायला तो पहाटेच तिकडे गेला होता.

तिने काटा केसभर सरकवला. खरखर. आणखी केसभर. नुसती खरखर. या डब्यातून ऐकता येत होतं, पण माझा माणूस कुठं आहे, हे विचारता येत नव्हतं.

"मावशी, काऊन रडून राह्यली?"

दारात सोमारी उभी होती, शेजारच्या बुधरीची सहा वर्षांची पोर. पायात काटा मोडला म्हणून श्रावण निघायच्या आधीच बुधरी तिला इथं ठेवून एकटीच पानं तोडायला गेली होती. मनकर्णाने सुईने काटा काढून जखमेत हळद भरली होती.

"तुह्या काकाची खबर नाई लागून राह्यली, बाई."

"येतीन नं! थांब, मी फाटकातून पाह्यतो." आणि ती लंगडत गेलीसुद्धा.

पिठलं करपलं. मनकर्णाला वास आला, पण हात उठेना.

मग डब्यातून आवाज आला. चिरका, दमलेला, साहेबाच्या जीपमधल्या वायरलेसवरचा, पण श्रावणचाच. तो काय सांगतोय, ते कानात शिरलंच नाही. नुसता आवाज ती घटाघटा प्याली.

"हाय! जिता हाय माहा माणूस!" हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"मयताचं नाव परत सांग, श्रावण," पलीकडून कुणी म्हणालं.

"बुधरी, साहेब. आमच्याच शेजारची. पोरगी तिची माह्याच घरी हाय."

डबा गप्प झाला. हसू मनकर्णाच्या तोंडावर तसंच राहून गेलं.

तिचं मघाचं ओरडणं ऐकून सोमारी एका पायावर उड्या मारत आली. मावशीचं तोंड पाहून तीही खुदकन हसली.

"चांगली खबर हाय नं, मावशी?"