जाळीच्या आत

मशीन पुन्हा पिवळा दिवा लावून टीं-टीं करू लागलं आणि प्रतिभाच्या घामेजल्या हातातून स्क्रू ड्रायव्हर निसटला. खाटेवर सासरे, लहानूआबा, एकेक श्वास ओढून घेत होते. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर लोखंड घासलं त्यांनी; आता छातीला साधी हवा पुरत नव्हती. हे मशीन हवेतून ऑक्सिजन गाळून द्यायचं, म्हणून आबा होते. आज तेच मशीन धापा टाकत होतं.

नेमका दसरा. दुरुस्तीवाल्याचा फोन नुसता वाजत होता. जोडीचा सिलिंडर रिकामा. नवरा, सोमनाथ, भरलेला आणायला पळाला होता, तो गर्दीत अडकला होता.

“तुझी साफसफाईच वरवरची,” उशाशी बसलेल्या सासूने, भागुबाईने, तोंडाचा पट्टा सोडला होता. “फडका फिरवला म्हंजी झालं का? धूळ जीव घेईल या मान्साचा, डॉक्टर बोलला व्हता ना?”

प्रतिभाला रडू फुटलं. सणासाठी तिने काय सोडलं होतं? पंख्याची पाती, फ्रीजच्या मागच्या नळ्या, कूलरचे कोपरे, सगळीकडे दात घासायचा जुना ब्रश घालून धूळ उकरली होती. मशीनची स्पंजची जाळी तर आज सकाळीच धुतली होती. आता काढून पाहिली, तरी स्वच्छ. म्हणजे जे अडकलं होतं ते जाळीच्या आत, बोटही शिरणार नाही अशा बोळात. झाकण उघडायचं तर मशीन बंद करायला हवं.

“बंद नको करू!” भागुबाई किंचाळली. “भेटतंय तेवढं तरी भेटू दे त्यांना!”

आबांची नखं निळी पडत चालली होती. प्रतिभाने डोळे मिटून बटण दाबलं.

घरात फक्त आबांची घरघर उरली. स्क्रू निघाला, झाकण निघालं. ब्रश पोचेना. तिने केसातला आकडा काढला, सरळ केला आणि आत खरवडलं. ओलसर ढेकूळ सुटून तळहातावर आलं.

लाल. पिवळं. त्यात तांदळाचे दाणे.

सकाळी जाळी उन्हात वाळत होती, तेव्हाच तिने चालू मशीनची पूजा केली होती. घरात शस्त्र म्हणावं असं हेच एक, आबांसाठी रोज लढणारं. म्हणून पाण्याचा शिपका देऊन त्याला मूठभर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. मशीनने हवेबरोबर सगळं आत ओढलं होतं. आपल्याच हातांनी आपण आबांचा गळा दाबला, असं तिला वाटलं.

तिने वेड्यासारखं खरवडलं, आतला फिल्टर आपटून आपटून झाडला, झाकण लावलं, बटण दाबलं. पिवळा दिवा बराच वेळ तसाच राहिला. मग हिरवा लागला. आबांचा श्वास हळूहळू खाली बसला.

प्रतिभा वळली. भागुबाई तिच्या तळहाताकडेच बघत होती.

तेवढ्यात सोमनाथ सिलिंडर घेऊन धापा टाकत दारात आला. “चालू झालं? काय अडकलं होतं गं?”

प्रतिभाने तळहात मिटला. भागुबाईने तिची लाल मूठ ओढून आपल्या पदराखाली घेतली.

“धूळ व्हती रे,” ती म्हणाली. “पुसायचं काम माझ्याकडं व्हतं, मीच ईसरले.”