वाकडा काठ

जीप दिसली तसा सटवा मागाच्या खड्ड्यातून वर आला. धोतराला हात पुसत पाटोद्याच्या रस्त्याकडं बघत राहिला आणि मनातल्या मनात म्हणाला, "बिरोबा, एक तरी नापास कर."

आता असलं मागणं कुठल्या विणकरानं देवाकडं मागितलंय? पण सटवाचं दुखणंच निराळं होतं.

त्याचा आजा सांगायचा, या गावची जेन, म्हणजे अंथरायची जाड घोंगडी, निजामाच्या छावणीत जायची. पुढं गिरणीच्या चादरी आल्या आणि एकेक माग गप झाला. मग पुण्याच्या बद्रीनाथशेठनं हीच जेन गालिचा म्हणून जर्मनीला धाडायला घेतली. अट एकच, सूत हातानं कातलेलं पाहिजे. ते कातायची सटवाची बायको, कौशल्याबाई. गेल्या श्रावणात ती गेली; तिच्यामागं सून कातू लागली, पण तिचा हात अजून बसला नव्हता.

त्यांच्यात एक रीत होती. कातणारी गेली की तिच्या शेवटच्या सुताची जेन विकायची नाही. वर्षश्राद्धाला ती अंथरायची आणि घरच्यांनी तिच्यावर बसून जेवायचं. म्हणजे गेलेल्या बाईनं शेवटचं जेवू घातलं, असं धरायचं. ते सूत सटवानं पेटीत जिवापाड जपलं होतं.

आणि नेमकं शेठच्या मालातल्या शेवटच्या जेनपुरतं सूत कमी पडलं. पोरगा अभिमन्यू दोन दिवस पेटीभोवती घुटमळला.

"आबा, माल कमी गेला तर शेठ पुन्यांदा काम देणार न्हाई. मंग परत कोयता घेऊन ऊस तोडायला जाऊ का मी, लेकरंबाळं घेऊन?"

 सटवानं स्वतःच पेटी उघडली.

पण विणताना गड्यानं लबाडी केली. उभ्या जन्मात ज्याचा काठ कधी हलला नाही, त्यानं पांढरा काठ मधेच वाकडा जाऊ दिला. एखादी जेन नापास होऊन परत येते, त्यावरून शेठ काही काम काढून घेत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पोराचं काम शाबूत राहणार आणि कौशल्या घरी येणार. एवढी अक्कल आपल्याला सुचली कशी, याचं त्यालाच नवल वाटलं होतं.

बद्रीनाथशेठ जीपमधून हसतच उतरला. सटवानं जीपच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं. जीप रिकामी होती.

"सटवाबा, या खेपेला एकही परत आली नाही."

"वाकड्या काठाची?"

"तीच तर सगळ्यात आवडली त्यांना. माणसाचा हात दिसतो म्हणाले तिच्यात. तशाच आणखी मागितल्यात."

अभिमन्यूला हसू आवरेना.  सटवा मात्र तिथंच ओट्यावर टेकला.

शेठनं कौतुकानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. फोटोत एक गोरी बाई आणि तिची दोन पोरं त्या जेनवर मांडी घालून बसली होती. मधे ताटल्या होत्या. कडेला वाकडा काठ स्पष्ट दिसत होता.

सटवानं मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"जेवत्यात का ही?"

"हो, जेवतायत की."

सटवानं मोबाईल परत दिला. मग डोळे पुसून पोराकडं वळला.

"अभिमन्यू, श्रावणात तुझ्या मायचं वर्षश्राद्ध घालायचं न्हाई आता. झालं ते."