हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत हे सांगायला पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची कचेरीत दरवर्षी रांग लागायची. नव्या अधिकारी बाईंनी ती मोडीतच काढली. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाईलवरून देता येऊ लागला, आणि वरिष्ठांनीही बाईंची पाठ थोपटली. तरी एक निवृत्त पोस्टमन रिकाम्या बाकावर येऊन बसलेच.

"काका, कशाला हेलपाटा घातलात? तुमचा दाखला आलाय आमच्याकडे."

"माझा आला हो. पण रांगेत दरवर्षी माझ्यापुढे एक नर्सबाई असायच्या. गप्पांत दुपार कशी सरायची, कळायचं नाही. त्यांचा आलाय का, तेवढं बघता?"

बाईंनी लगबगीने कॉम्प्युटर पुढे ओढला. "बघते ना. नाव सांगा त्यांचं."

काका ओशाळून हसले. "यंदा विचारणार होतो."